बीपी ‘बॉर्डरलाइन’ आहे म्हणजे नेमकं काय?

या वेळच्या टपालात रक्तदाबाची पत्रं इतकी होती, की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. बहुतेक पत्रं अशा वाचकांची आहेत ज्यांना नुकतंच कळलंय, ज्यांना अजून गोळी नाही, आणि ज्यांना घरचे, शेजारचे, मेडिकलवाले असे सगळेजण वेगवेगळं सांगताहेत. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यातलं मोजमाप बाकीच्या तिघांनाही लागणार आहे.

प्रश्न : मी ४४ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. शाळेतल्या आरोग्य शिबिरात माझं बीपी १४६/९२ निघालं. दोन दिवसांनी मेडिकलच्या दुकानात तपासलं तर १३४/८६. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, ‘बॉर्डरलाइन आहे, लक्ष ठेवा.’ डोकेदुखी, चक्कर, काही त्रास नाही. जाऊबाई म्हणतात, गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, तेव्हा टाळता येईल तितकं टाळ. पण माझ्या आईला एकसष्टाव्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला होता. तेव्हापासून ही भीती मनात आहेच. काय करू?
— एक शिक्षिका, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : ताई, लक्ष ठेवा हे डॉक्टरांनी सांगितलं ते योग्यच. पण लक्ष ठेवायचं म्हणजे रोज काय करायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तिथूनच सुरुवात करू.

शिबिरातला आकडा खरा की दुकानातला, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. बीपी दिवसभर खालीवर होत असतं, आणि मोजण्याच्या पद्धतीनेही ते बदलतं. परवा माझ्या ओपीडीत एक बाई आल्या. दोन जिने चढून आलेल्या, हातात भिजलेली छत्री, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून झालेली कटकट तोंडात. सिस्टरने स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा बांधला आणि मशीनने १६४/९६ दाखवलं. बाईंचा चेहराच उतरला. मी बाही काढायला लावली, पाठ टेकून बसवलं, पाय जमिनीवर टेकवले, हात टेबलावर उशीवर ठेवला आणि पाच मिनिटं कुणीही त्यांच्याशी बोलायचं नाही असं सांगितलं. मग १४२/८८. मिनिटभराने पुन्हा घेतलं, १३८/८६. बाई त्याच, हात तोच, मशीनही तेच.

म्हणून पहिलं काम मोजमापाचं. दंडावर पट्टा बांधायचं ऑटोमॅटिक मशीन घ्या. साधारण दीड-दोन हजारांत बरं मशीन मिळतं, दोन-तीन घरांत मिळून एक घेतलं तरी चालेल. मनगटावरचं नको. घेण्याआधी टेपने दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. बहुतेक मशीनसोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण आखूड पट्टा आकडा खोटा वाढवून दाखवतो. दुकानदार स्वतःहून हे सांगेलच असं नाही.

आता सलग सात दिवस सकाळी आणि रात्री मोजायचं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. रात्री जेवणाआधी किंवा झोपण्याआधी, पण रोज एकाच वेळी. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको, तंबाखू-मिश्री नको, झाडलोट किंवा भरभर चालणं नको. लघवी तुंबलेली असेल तर आकडा दहाएकाने सहज वर जातो. बोलत राहिलात तरी तेच. हात खाली लोंबता ठेवला तरी पाच-सात अंक जास्त दिसतात, म्हणून दंड छातीच्या पातळीवर राहील असा हात टेकवा. पाय एकावर एक टाकू नका. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. पहिल्या दिवशी एकदा दोन्ही हातांवर घेऊन बघा. ज्या हातावर जास्त येईल तोच हात पुढे धरा. दोन्ही हातांत दहापेक्षा जास्त फरक पुन्हापुन्हा येत असेल तर डॉक्टरांना तेही सांगा.

आठवडा झाला की पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या. पहिल्या दिवशी सगळ्यांचेच थोडे जास्त येतात. उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा, वरच्या आकड्याची वेगळी, खालच्याची वेगळी. तुम्ही गणित शिकवता, तुम्हाला ते जड नाही. घरी काढलेली सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर आज तुम्हाला उच्च रक्तदाब नाही. काही लोकांचं बीपी दवाखान्यात, शिबिरात, पांढरा कोट दिसला की चढतं आणि घरी नीट असतं. अशांना लगेच गोळी लागत नाही, पण दर सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा, हा सात दिवसांचा हिशेब पुन्हा करावा लागतो, कारण यातल्या बऱ्याच जणांना पुढे खरा रक्तदाब होतो. उलटंही असतं. दवाखान्यात १२८ आणि घरी, कामाच्या धबडग्यात १४५. तुमची वही त्यालाही पकडते.

सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर आली, तर ते दवाखान्यातल्या १४०/९० च्या बरोबरीचं समजायचं, आणि मग ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द बाजूला ठेवायचा. या शब्दाने फार नुकसान केलंय. माणूस तो ऐकतो, हुश्श करतो आणि चार वर्षांनी येतो तेव्हा लघवीतून प्रथिनं जायला लागलेली असतात, म्हणजे मूत्रपिंडाला इजा झालेली असते. आकड्यांबद्दल आणखी एक. इंटरनेटवर तुम्हाला १३०/८० ला सुद्धा ‘स्टेज वन’, म्हणजे उच्च रक्तदाबाची पहिली पायरी, म्हटलेलं दिसेल. ती अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ मध्ये आखलेली रेघ आहे. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात निदानासाठी १४०/९० धरतात. दवाखान्यात वरचा आकडा १३० ते १३९ मध्ये येणाऱ्या माणसाला मी गोळी देत नाही, पण त्याला ‘सगळं ठीक आहे’ असंही सांगत नाही. त्याच्यासाठी मीठ, वजन आणि चालणं आजपासून.

त्रास नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीच्या रक्तदाबात बहुतेकांना काहीही होत नाही. डोकं दुखलं की बीपी वाढलं आणि दुखत नाही म्हणजे नॉर्मल, हा हिशेबच चुकीचा आहे. आणि आकडा मात्र आपलं काम करत असतो. जगभरच्या ६१ अभ्यासांतल्या दहा लाख लोकांची माहिती २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एकत्र छापली गेली. चाळीस ते एकोणसत्तर या वयात वरचा आकडा २० ने जास्त असेल, तर पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका दुपटीच्या घरात जातो, असं त्यात दिसलं. हे वाढणं १४० पासून नाही, ११५ पासूनच सुरू होतं. आईला झटका आला होता, तेव्हा तुमची भीती अनाठायी नाही. पण त्याच माहितीचा दुसरा अर्थ असा, की चार-पाच अंक उतरले तरी फायदा पदरात पडतो, आणि तो आत्ता, चव्वेचाळिसाव्या वर्षी, सर्वांत स्वस्तात पडतो.

सरासरी जास्त आली तर या तपासण्या करून घ्या: क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळायला), सोडियम-पोटॅशियम, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, लघवी (त्यात अल्ब्युमिन हे प्रथिन जातंय का, ते बघायला आवर्जून सांगा) आणि ईसीजी. डोळ्यांचा पडदाही एकदा दाखवा. हे सगळं ठीक असेल आणि सरासरी १६०/१०० च्या आत असेल, तर मी तुमच्यासारखीला तीन महिने देते. मीठ कमी, वजन जास्त असेल तर कमी, आठवड्यातले पाच दिवस तरी अर्धा तास भरभर चालणं. तीन महिन्यांनी पुन्हा सात दिवसांची वही. तरीही आकडा वरच राहिला तर गोळी. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आधीपासून असेल तर मात्र ही सवलत नाही, गोळी लगेच.

आणि जाऊबाईंचं म्हणणं. गोळीची शरीराला सवय लागत नाही. गोळी बंद केल्यावर बीपी परत वाढतं, कारण मूळ प्रवृत्ती तिथेच असते. चष्मा काढल्यावर अक्षरं पुन्हा पुसट दिसतात, तसं. ज्यांचं सुरुवातीला सापडतं आणि वजन खरोखर उतरतं, त्यांच्यातल्या काहींची गोळी कमी होते, काहींची बंदही होते. पण ते डॉक्टरांनी, आकडे बघत बघत करायचं. आपलं आपण नाही. शिवाय तुम्ही सातारा जिल्ह्यात आहात. ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ हा सरकारी कार्यक्रम महाराष्ट्रात ज्या चार जिल्ह्यांपासून सुरू झाला, त्यांत सातारा आहे. बाकीचे सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. प्राथमिक आरोग्य केंद्रात अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या गोळ्या मोफत मिळतात आणि नोंदही ठेवली जाते. सरकारी गोळी हलकी, हा समज कृपा करून सोडा. मी लिहून देते तेच औषध असतं ते.

मशीनवर कधी १८०/१२० च्या वर आकडा आला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा घ्या. तरीही तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं, हातापायातली शक्ती जाणं, अचानक अंधारी यांपैकी काही असेल तर मशीन बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.

प्रश्न : यजमानांचं बीपी १३८/८८ च्या आसपास असतं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, म्हणून मी घरात साधं मीठ बंद करून सैंधव आणलं. भाजीतही कमीच घालते. तरी आकडा हलत नाही. आणखी किती कमी करायचं? जेवणाला चवच राहिली नाही.
— एक गृहिणी, संगमेश्वर

उत्तर : वहिनी, सैंधव, काळं मीठ, खडे मीठ, यातलं कुठलंही मीठ मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. रंग आणि चव वेगळी, बीपीवरचा परिणाम तोच. उलट सैंधव ‘चांगलं’ म्हणून हात सैल सुटतो. आणि त्यात आयोडीन असेलच असं नाही. साधं आयोडीनयुक्त मीठच परत आणा.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. सपाट भरलेला एक चहाचा चमचा, दिवसभराचं सगळं मिळून. तो चमचा रोज कोण मोजणार? त्यापेक्षा मी सगळ्यांना पुडा मोजायला सांगते. मिठाचा एक किलोचा नवीन पुडा फोडाल तेव्हा त्यावर पेनने तारीख घाला. चार माणसांचं घर असेल तर दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे पुडा पन्नास दिवस पुरला पाहिजे. तो पंचवीस दिवसांत संपला तर माणशी १० ग्रॅम झालं. लोणच्याला, मासे धुवायला लागणारं मीठ वेगळ्या बरणीत काढा, म्हणजे हिशेब बिघडणार नाही. यात बाहेरचं खाणं धरलेलं नाही, तेव्हा पुडा साठ दिवस पुरला तर उत्तम.

आता कोकणातल्या घरात मीठ भाजीतून कमी आणि इतर वाटांनी जास्त जातं. तुम्ही आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरत असाल. आगळ टिकावं म्हणून त्यात भरपूर मीठ घातलेलं असतं. सोलकढीत वरून मीठ घातलं नाही तरी ती खारटच. त्याऐवजी आमसुलं थोडी धुऊन भिजत घाला आणि त्याची सोलकढी करा. खारा बांगडा, सुकट, सोडे हे रोज नकोत. करायचेच असतील तर कोमट पाण्यात भिजवून पाणी एकदोनदा फेकून द्या, बरंचसं मीठ निघून जातं. पापडात मीठ असतंच, वर पापडखारात सोडियम. लोणचं, सांडगी मिरची, कैरीचा खारवलेला तक्कू, चटणीची बरणी, हे ताटात डाव्या बाजूला नेहमी असतं, म्हणून ते खाल्ल्यासारखं वाटतच नाही. फरसाण, वेफर्स, पाव, खारी, बाजारची सूप-नूडल्सची पाकिटं यांचाही असाच हिशेब. यजमान संध्याकाळी चहाबरोबर काय खातात, ते एक आठवडा लिहून बघा.

चवीचं म्हणाल तर जीभ महिनाभरात बदलते, पहिले पंधरा दिवस कठीण जातात. भाताला आणि भाकरीला मीठ नको. आमटीला मीठ शेवटी घाला, आधी घातलं की चाखून पुन्हा घातलं जातं. आंबट आणि तिखटाने मिठाची उणीव पुष्कळ भरून निघते. लिंबू, कोकम, तिरफळ, लसूण, ओलं खोबरं, भाजलेलं जिरं तुमच्या हाताशीच आहे. तेलावर भाजलेला ओला मासा कमी मिठातही छान लागतो.

पोटॅशियम घातलेलं ‘लो सोडियम’ मीठ बाजारात मिळतं. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे एकवीस हजार लोकांवर त्याचा मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात असे लोक होते ज्यांना आधी पक्षाघात झाला होता किंवा जे साठीपुढचे असून बीपीचे होते. तीन भाग साधं मीठ आणि एक भाग पोटॅशियमचं, असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. चांगली गोष्ट आहे. पण मूत्रपिंड कमकुवत असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. घरातल्या एकालाही असं काही असेल तर विचारल्याशिवाय ते मीठ आणू नका, कारण जेवण सगळ्यांचं एकाच पातेल्यात होतं.

प्रश्न : वय ३१. चाकणला कंपनीत आहे, आलटून पालटून रात्रपाळी. कंपनीच्या वार्षिक तपासणीत बीपी १५२/९८. वजन ९४, उंची साडेपाच फूट. तंबाखू मळून खातो. बायको म्हणते मी इतका घोरतो की मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो. एवढ्या तरुण वयात बीपी टेन्शनमुळेच असणार ना?
— एक वाचक, चाकण

उत्तर : टेन्शनवर सोडून देऊ नका, दादा. तिशीत बीपी सापडलं की आधी कारण शोधायचं असतं. मूत्रपिंड, त्याच्या रक्तवाहिन्या, थायरॉइड, अ‍ॅड्रिनल ग्रंथी, यांपैकी कुठे दोष आहे का हे फिजिशियनला बघू द्या. लघवी, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि पोटाची सोनोग्राफी एवढ्याने सुरुवात होते. पुढचं काय ते त्यावरून ठरतं.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तुमच्या बायकोची आहे. झोपेत श्वास थांबतो, त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. रात्रीतून अनेकदा ऑक्सिजन खाली जातो, शरीर दचकून जागं होतं आणि बीपी चढतं ते दिवसाही उतरत नाही. नुसती गोळी देऊन अशांचं बीपी नीट आवाक्यात येत नाही. डॉक्टरांकडे जाताना तिला सोबत न्या, झोपेतलं तुम्हाला स्वतःला सांगता येणार नाही. मोबाइलवर घोरण्याचा व्हिडिओ घेतला तर आणखी चांगलं. स्लीप स्टडी करावी लागेल. आणि दिवसा पेंग येत असेल तर मशीनवर काम करताना आणि पहाटे बाइकवरून घरी येताना फार सांभाळा.

वजनाचं ढोबळ गणित असं, की किलोमागे साधारण एक अंक. पाच-सहा किलो उतरलं तर घोरणंही कमी होतं. तंबाखूने प्रत्येक चिमटीला नाडी आणि बीपी चढतं, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं नुकसान वेगळं. पाळी संपवण्यासाठी एनर्जी ड्रिंक घेत असाल तर बंद. रात्रपाळीच्या आठवड्यात ‘सकाळी’ मोजू नका. झोपून उठल्यावर मोजा, मग ती दुपार का असेना, आणि वहीत पाळी लिहून ठेवा. तुमच्या आकड्याला मी तीन महिने थांबणार नाही, दोन-तीन आठवड्यांत फिजिशियन गाठा.

प्रश्न : आई ५८ वर्षांची, बडोद्याला आमच्याकडे असते. गेल्या वर्षीपर्यंत १२६/८० असायचं. गेले दोन महिने १४८/८८ येतंय. आहारात, वजनात काही बदल नाही. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी रोज घेते. घसा सारखा धरतो म्हणून ज्येष्ठमधाचा काढा दोन वेळा. बीपीची गोळी सुरू करावी का?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : आधी त्या गुडघ्यांच्या गोळीचं पाकीट बघा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक यांपैकी नाव असेल तर ही गोळी शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते, बीपी वाढवते आणि रोज घेतली तर मूत्रपिंडालाही त्रास देते. डॉक्टरांना विचारून ती बंद करा. लावायचं मलम, शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि गरजेपुरतं साधं पॅरासिटामॉल यावर बऱ्याच जणींचं भागतं. पाण्यात फसफसणारी गोळी मात्र नको, तिच्यात सोडियम बरंच असतं.

दुसरा संशय ज्येष्ठमधावर. आपण त्याला घरगुती म्हणून निर्धास्त असतो, पण रोज दोन वेळा, आठवडेच्या आठवडे घेतलं तर ज्येष्ठमधाने बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. हे पक्कं माहीत असलेलं आहे. पाय जड वाटणं, गोळे येणं, अशक्तपणा असं काही आईंना होतंय का, विचारा. काढा आजच थांबवा आणि पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासून घ्या. सर्दीसाठी नाक मोकळं करणाऱ्या गोळ्याही मधूनमधून घेत असतील तर त्यांचंही नाव डॉक्टरांना सांगा, त्यांतल्या फेनिलएफ्रिनने आकडा वर जातो.

दोन्ही बंद केल्यावर महिनाभर थांबा. त्या महिन्यात आकडा १६० च्या वर जाऊ लागला तर थांबायचं नाही. नाहीतर महिन्याच्या शेवटी पहिल्या उत्तरात सांगितलेली सात दिवसांची वही करा आणि ती, गोळ्यांची सगळी पाकिटं व काढ्याची पुडी असं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे घेऊन जा.